मॅनेजरसाहेबांचे पडदे

अल मनखूलमधल्या आमच्या इमारतीत एका मॅनेजरसाहेबांच्याच घराला पडदे नव्हते. खिडकीच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवलेली. दुबईचं ऊन त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या शेजारी त्यांनी चांगले दोन उन्हाळे काढले होते.

मी त्यांना पहिल्यांदा 'कोच' म्हणालो, तर गंभीरपणे म्हणाले, "कोच नाही, मॅनेजर. कोच सराव घेतो. मॅनेजरला हाकलतात." इंग्लंडात ते बचावपटू म्हणून फुटबॉल खेळले, मग लहान लहान गावांतले क्लब सांभाळले आणि एकेका ठिकाणाहून निघत निघत इथल्या एका छोट्या क्लबात येऊन पोचले. मधेच कधीतरी बायकोही सोडून गेली. एका गावात त्यांनी घर घेतलं, हौसेने पडदे शिवून लावले आणि त्याच आठवड्यात नोकरी गेली. तेव्हापासून त्यांचा नियमच होता, "मॅनेजरने पडदे घेऊ नयेत."

आम्ही हसायचो. आमच्या कपाटावर टीव्हीचं रिकामं खोकं वर्षानुवर्षं पडून होतं, कायमचं परत जाताना लागेल म्हणून. त्याचं मात्र कधी हसू आलं नाही.

सामना हरला की साहेब दार लावून घेत. टीव्हीचा आवाज नाही, भांड्याचा नाही. मग माझी बायको थालीपीठ घेऊन बेल वाजवायची आणि सरळ हिंदीत सांगायची, "साहब, खा लो. मॅच तो होती रहती है." ते दारातच उभ्याने खात. आमची लेक म्हणायची, "ममा, लीव्ह हिम अलोन!"

"अगं, अलोनच आहेत ते," बायको म्हणायची.

मग त्यांचा क्लब वरच्या गटात गेला. त्या संध्याकाळी साहेबांनी आमची बेल वाजवली. "मॅडम, पडदे कुठे मिळतात?" बायको त्यांना मीना बाजारात घेऊन गेली. पिवळं कापड पसंत करायला त्यांनी लग्नाचा बस्ता बांधावा तेवढा वेळ लावला.

नव्या हंगामात क्लब लागोपाठ हरला. खलास. नोकरीबरोबर व्हिसाही गेला. जायच्या दिवशी साहेब आमच्या दारात आले. एक बॅग, आणि हातात घडी घातलेले पडदे. "तुमच्या खिडकीला जरा आखूड होतील," म्हणाले. "चूक माझीच. नियम मोडला." बायकोला रडू आवरेना. मी पडदे हातात घेतले. "यल्ला, निघतो," ते म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले.

पडदे वीतभर आखूडच झाले. खालून ऊन येतं, पण बायको त्यांना पट्टी जोडू देत नाही.

पडदे लावले त्या दिवशी मी टीव्हीचं खोकं टाकायला निघालो. लिफ्टपर्यंत नेलं. लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं. खोकं घरात आणून मी परत कपाटावर ठेवलं.