माझी रेच्यावरची जागा आणि तुझ्या आईची दहावी

ये वं बाई, जवळ सरक. इतक्या लांब बसून म्हाताऱ्या माणसाचं बोलणं ऐकू येते का? आणि आधी माझा राग ऐकून घे. परवा फोनवर तू काय म्हणालीस? "आजी, आई हुशार होती म्हणून शिकली." असं बोलून मोकळी झालीस! तोंड फिरवू नको, रागावणं हा माझा हक्क आहे. तुझी आई हुशार होती, नाही कोण म्हणते? पण आमच्या वस्तीत तिच्याहून हुशार पोट्ट्या होत्या आणि त्या शिकल्या नाहीत. तुला हे ठाऊक नाही, कारण कोणी सांगितलंच नाही. आता मी तुला पत्रात लिहूनच पाठवते. माझं लिहिणं म्हणजे बोलणंच. शाळा मी दुसरीपर्यंत पाहिली, पुढचं सगळं तुझ्या आईच्या जुन्या पुस्तकांतून चुलीपुढे बसून जुळवलं. चुका दिसतील तर सुधारून घे, हसू नको.

आम्ही तेव्हा वर्ध्याला, रेल्वे लाइनीपलीकडच्या वस्तीत राहत होतो. तुझे आजोबा कापसाच्या बाजारात हमाली करत आणि मी हंगामात जिनिंगमध्ये जात होते. तिथं रेचे असतात, कापसातून सरकी वेगळी काढणारी यंत्रं. एकेका रेच्यापुढे एकेक बाई बसायची आणि दिवसभर त्याच्या तोंडात कापूस द्यायची. माझा रेचा, तिचा रेचा असंच आम्ही बोलायचो, जसं कोणी माझी गाय, तुझी गाय म्हणावं. दिवाळी झाली की रेचे सुरू, होळीच्या आसपास बंद. तेवढ्यात वर्षाची बेगमी करायची.

आता बाया जिनिंगमध्ये गेल्या तर घरची लेकरं कोणी पाहायची? मोठ्या पोरीनं. म्हणून दिवाळीची सुटी संपली तरी वस्तीतल्या पोट्ट्या शाळेत परत जातच नव्हत्या. होळीनंतर गेल्या तर गेल्या. मग कधीतरी शाळेतून नाव कमी व्हायचं. यात कोणाला काही वाईट वाटत नव्हतं, बरं का. थंडी पडते तसंच ते. हंगाम आला, पोट्टी घरी.

तुझी आई पाचवीत सिस्टरांच्या शाळेत गेली. चर्चच्या आवारातली कौलारू शाळा, फक्त मुलींची. आमच्यासारख्यांना फी नव्हती, पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलींची मिळायची, म्हणून वस्तीतल्या बऱ्याच पोरी तिथं जात. त्या वर्षी हंगाम सुरू झाला तेव्हा तुझी मावशी रांगत होती. तुझी आई घरी बसली, सगळ्यांसारखी.

एक दिवस दुपारच्या सुट्टीत आम्ही बाया जिनिंगच्या फाटकाजवळ भाकर खात बसलो होतो. केसांत, भुवयांत सगळीकडे कापसाची रुई. समोरून मोठ्या सिस्टर आल्या. मोठ्या म्हणजे शाळेच्या हेडबाई, केरळाकडच्या, उंच, सावळ्या, पांढऱ्या कपड्यांतल्या. आमच्यातली एक मोठ्यानं म्हणाली, "पाहा वं, आपल्याहून पांढरी कोण येऊन राह्यली!" बाया खो खो हसल्या. सिस्टरही हसल्या. म्हणाल्या, "मैं भी बैठूं क्या कापूस में?" आणि खरंच खाली बसल्या, आमच्या ओळीत, धुळीतच.

त्यांचं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं आमच्या पोरींकडून उचललेलं. "तुमच्या पोरी शाळेत काऊन येत नाही?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "सिस्टर, लेकराले कोण पाहीन?"

"लेकरू किधर है?"

"घरी. पोरीजवळ."

"तो लेकरू भी लेके आना."

आम्हाला थट्टा वाटली. पण दुसऱ्या दिवशी तुझ्या आईनं मावशीला कडेवर घेतलं आणि निघाली. मी तिकडे रेच्यावर बसले, पण जीव इकडे. हाकलून देतील, चारचौघींत पोरीचा अपमान होईल, असंच वाटत राहिलं. संध्याकाळी घरी येते तर मावशी झोपलेली आणि तुझी आई पाढे म्हणत बसलेली.

वर्गामागच्या व्हरांड्यात त्यांनी चटया टाकल्या होत्या, आढ्याला लुगड्याचा झोका बांधला होता. सगळ्या लेकरांना तिथं ठेवायचं आणि एका तासाला एकाच मुलीनं त्यांच्याजवळ बसायचं. तास संपला की ती वर्गात, दुसरी बाहेर. ज्यांच्या घरी लहान लेकरू नव्हतं त्या मुलींनाही पाळी चुकत नव्हती. एका बाबूची बायको भांडायला आली म्हणे, माझी मुलगी इथं लेकरं सांभाळायला येते का म्हणून. सिस्टर तिला म्हणाल्या, "बाकी मुली घरी दिवसभर तेच करत होत्या. आपल्या मुलीनं एक तास केलं तर त्या पाच तास शिकतात." बाई रागारागानं गेली, पण मुलीला काढलं नाही तिनं.

वस्तीत बातमी अशी पसरली की सिस्टरांच्या शाळेत सगळं ठेवून घेतात. आमची एक शेजारीण होती, भिंतीला भिंत लागून. तिच्या पोरीला घरी दोन कामं, धाकटा भाऊ पाहायचा आणि बकरी पाहायची. बाईनं दोन्ही शाळेत पाठवलं. संध्याकाळी सिस्टर स्वतः बकरीला दोरीनं ओढत वस्तीत आल्या. मागं सगळी पोरं. बकरीनं चर्चपुढची शेवंती बुडापासून साफ केली होती.

"लेकरू ठीक है, बाई," सिस्टर म्हणाल्या, "बकरी नाही."

शेजारीण म्हणाली, "काऊन जी? लेकरापरीस बकरी बरी. रडत तं नाई!"

सिस्टर हसून हसून ओट्यावरच बसल्या. तिथंच त्यांनी चहा घेतला, कप फुटका होता तरी. त्या दिवसापासून सिस्टर वस्तीतल्या झाल्या.

हे मी तुला गंमत म्हणून सांगत नाही. या शेजारणीची ती पोरगी, मी मघाशी म्हटलं ना, तुझ्या आईहून हुशार, ती हीच. गणित तर असं की मास्तरीण फळ्यावर लिहीपर्यंत हिचं उत्तर तयार. तुझ्या आईला गणित येत नव्हतं. ही भिंतीपलीकडून ओरडून समजावून द्यायची. दोघी सोबत सहावी, सातवी, आठवी झाल्या. सिस्टरांना वाटायचं की ही पोरगी शाळेचं नाव काढेल.

पण जिनिंगचा एक रिवाज होता. बाई आजारी पडली तर तिच्या रेच्यावर घरचं कोणी बसवायचं, म्हणजे जागा टिकायची. त्याला बदली म्हणत. घरचं कोणी नाही आलं तर मुकादम ती जागा दुसरीला देऊन टाकायचा आणि मग पुढचे हंगाम फाटकाबाहेर उभं राहून रोज विचारावं लागायचं. शेजारणीच्या छातीत रुई बसली, खोकून खोकून बेजार झाली. पोरगी नववीत होती, ती बदलीवर गेली. "याच हंगामापुरतं," आई म्हणाली. सिस्टर कितीदा त्या घरी गेल्या. पण आईचा खोकला गेला नाही आणि पुढच्या हंगामात जागा पोरीच्या नावानं झाली.

त्याच वर्षी तुझी आई दहावीत आली आणि ऐन थंडीत मी टायफॉइडनं पडले. सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती केलं. घरी आले तेव्हा उठून पाणी घ्यायची ताकद नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं, होळीपर्यंत कामाचं नाव काढायचं नाही. आणि परीक्षा मार्चात.

तुझे आजोबा वाईट माणूस नव्हते, हे ध्यानात ठेव. ते माझ्या खाटेशी बसले आणि खाली मान घालून म्हणाले, "पोरगी बसन दोन महिने. मंग देईन परीक्षा." ती परीक्षा मग होत नाही, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, तुझ्या आईलाही माहीत होतं. जागा गेली तर पुढच्या वर्षी काय, हे मलाही दिसत होतं. तुझ्या आईनं शाळेचा स्कर्ट धुतला, वाळवला आणि घडी करून पेटीच्या तळाशी ठेवला. नेहमी ती तो खुंटीला टांगायची.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली नाही, तर सायंकाळी सिस्टर दारात. त्या वेळी माझी नणंद नाचणगावहून मला पाहायला आली होती. तुझ्या आजोबांची मोठी बहीण, तुझी आत्याआजी. सुपात तुरीच्या शेंगा घेऊन सोलत बसली होती. तिचं आणि माझं कधी जमलं नाही. आली की टोमणा ठरलेला, "पोट्टीले मडम करून राह्यली, मंग भाकरी कोण थापन?" मला वाटलं, आता ही सिस्टरांच्या समोर काय काय बोलते.

आजोबांनी सिस्टरांना पाट दिला. म्हणाले, "सिस्टरबाई, तुमचं सांगणं मले समजते. पण जागा गेली तं आमी काय करावं?"

सिस्टरांनी उपदेश केला नाही. म्हणाल्या, "भाऊ, बदलीवर बसलेली एक मुलगी परत शाळेत आली, तिचं नाव सांगा. एकच सांगा, मी आत्ता उठून जाते."

आजोबा विचार करू लागले. खरंच आठवत होते बिचारे.

नणंदेनं सूप बाजूला सारलं. "तो काय नाव सांगते! नावच नाई तं सांगन कोठून? मले इचारा ना. मी चौथीत व्हतो. माय बाळंत झाली आन मले रेच्यावर बसवलं. सव्वा महिन्यासाठी म्हणे!" मग आजोबांकडे वळली. "आन बाळंतपण कोणाचं व्हतं? तुहंच. तुह्यापायी माही शाळा सुटली. आता तुह्या पोरीची बी तुह्यापायीच सोडतं का रे?"

आजोबांना हे कधी कोणी सांगितलं नव्हतं. "बाई, तू कदी बोलली नाई," एवढंच म्हणाले.

"कोणी इचारलं कदी?" ती म्हणाली. "राहू दे. उद्यापासून मी बसतो रेच्यावर. होळीपर्यंत."

"आन तुह्या घरचं? हरभरा काढाचा हाये ना?"

"सून हाये ना घरी. तिले बी कळू दे जरा घर कसं चालते ते."

सिस्टरांनी जाताना नणंदेचे दोन्ही हात हातात घेतले. ती संकोचली. "हात तुरीचे हायेत जी," म्हणाली.

सकाळी मुकादमानं अडवलंच. मला शेजारणीच्या पोरीनं येऊन सांगितलं, ती तिथंच होती. मुकादम म्हणाला, "लगन झालेली लेक दुसऱ्या घरची. बदली घरचीच पाह्यजे." नणंद सरळ माझ्या रेच्यापुढे जाऊन बसली आणि कापसाचा पुंजका उचलला. "रेचा चालू कर आधी. हात चालते का नाई ते पाह्य, मंग माहं घर कोनतं ते पाहू." इतकी वर्षं मध्ये गेली, पण हात विसरले नव्हते. फाटकाबाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागलेली. मुकादम त्या रांगेकडे पाहून पुढच्या रेच्याकडे गेला.

ते दोन महिने घरात काय चाललं ते विचारू नको! रोज सायंकाळी नणंद येऊन पाय पसरायची आणि सुरू. "कंबर गेली वं माही. ए पोट्टी, वाच मोठ्यानं, मले ऐकू आलं पाह्यजे. एवढ्या मेहनतीनं नापास झाली तं तुलेच रेच्यावर बांधतो." तुझी आई शाळा सुटल्यावर सिस्टरांकडच्या जादा वर्गाला थांबायची, तिला आणायला आजोबा जायचे. कधी चुकले नाहीत. आणि गणितासाठी ती भिंतीपलीकडे जायची. ती पोरगी दिवसभर रेच्यावर बसून आलेली, केसांत रुई, आणि तुझ्या आईला भूमिती शिकवायची. सिस्टर तिला म्हणाल्या होत्या, बाहेरून परीक्षेला बस, मी सगळं करते. तर हसून म्हणाली, "आता जागा माह्या नावानं हाये, सिस्टर. मायनं कोणाच्या भरोशावर खोकाचं?"

मी खाटेवर पडून दोघींचे आवाज ऐकत असे. शाळेनं आमच्या पोरी घरापासून तोडल्या नाहीत, घराला जवळ घेतलं, म्हणून त्या शिकल्या, हे मला तेव्हाच कळलं. पण शाळेचा हात कुठवर पोचणार? माझ्या घरात नणंद होती. भिंतीपलीकडे तशी कोणी नव्हती. इतकाच फरक, बाई. हुशारीचा हिशेब मांडला तर उलटाच निघतो.

तुझी आई सेकंड क्लासनं पास झाली, गणितात जेमतेम. सिस्टरांनीच तिला नर्सिंगचा रस्ता दाखवला, पुढचं तुला माहीत आहे. निकालाच्या दिवशी मी नाचणगावला गेले पेढे घेऊन. नणंद अंगणात गवऱ्या थापत होती. पेढा हातात न घेता तिनं आधी विचारलं, "म्हंजे आता ते पोट्टी रेच्यावर नाई ना बसणार?"

"नाई," मी म्हटलं.

"मंग दे तोंडात."

आता तिचे डोळे गेले, खाटेवरच असते. गेल्या आठवड्यात मी भेटून आले. तुझं नाव काढलं आणि म्हणाली, "ते पोट्टी काय काम करते वं? मले कोणी नीट सांगतच नाई." मला तरी कुठं नीट सांगता येते! तूच ये. पुढच्या सुट्टीपर्यंत थांबू नको, तिचा भरोसा नाही. आधी माझ्याकडे उतर, मग दोघी मिळून नाचणगावला जाऊ. तिच्या खाटेवर बसून तुझ्या तोंडानं तिला सांग. लवकर येजो.