‘द’चं पोट

सोलापुरात आमच्या खिडकीसमोरच्या छापखान्यात एक माणूस छपाईच्या लाकडी खिळ्यांसाठी नवी अक्षरं काढत बसे. नाटकाच्या जाहिरातींना तशी मोठी अक्षरं लागत. सरळ दांडा तो गप्पा मारता मारता ओढी. गोलाई आली की मात्र श्वास धरी, कागद उलटा करून बघे आणि सगळं खोडून टाकी. मग मान वर करून थेट माझ्याकडे बघत राही.

मी तेव्हा लग्नाच्या वयाची, पण अक्कल परकरातलीच. हा आपल्या रूपावर भुलला असं मी ठरवून टाकलं आणि रोज कुड्या घालून, मान तिरकी करून खिडकीत बसू लागले. मान अवघडली तरी ऐट सोडली नाही.

एकदा मामीनं माझे केस कानांवर ओढून बांधले. “पाहुणे बघायला येणार. हे सुपाएवढे कान झाकलेले बरे.”

मी खिडकीत बसले, तसा तो रस्ता ओलांडून दारात आला. मी मान आणखी तिरकी केली.

“मावशी,” तो मामीला म्हणाला, “पोरीचे केस मागं घ्या की. ‘द’चं पोट जमंना झालंय. कान लई झ्याक हाय तिचा, खालच्या कुडीसकट.”

मामीनं हसत हसत केस मागं घेतले, ते पाहुणे आले तरी तसेच राहिले.

पाहुण्यांतल्या बाई म्हणाल्या, “मुलीचे कान मोठे आहेत.”

“हो,” मी म्हटलं, “आता छापूनही येणार आहेत.”

लग्न तिथंच ठरलं. त्या छापखान्यातल्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. पण नवं नाटक आलं की सासूबाई बाजारातून येऊन सांगत, “सूनबाई, चौकात तुझा कान लागलाय.”