सुभद्राकाकूंचा पट्टा

सुभद्राकाकू शेतातून परतू लागल्या की तळेगावच्या रस्त्यावरची माणसं आपोआप बाजूला सरत. डोक्यावर वांग्यांची टोपली, एका हातात विळा आणि खांद्यावर बंदूक! टोपलीला त्या हात लावत नसत, पण बंदुकीच्या पट्ट्यावरचा अंगठा कधी सुटत नसे. आमचं शेत त्यांच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून, त्यामुळे मला त्या रोजच दिसत. तरी रोज पाहत उभं राहावंसं वाटे.

बंदूक मुरलीकाकांची, म्हणजे काकूंच्या नवऱ्याची. काकांचं किराणा दुकान होतं, पण जीव सगळा शिकारीत. शिकारीवर बंदी आली तेव्हा ती जुनी रायफल पिकाच्या राखणीच्या परवान्यावर घरात राहिली. नव्वद सालाच्या आसपास काका गेले. दुकान दिराकडे गेलं, काकूंच्या वाट्याला भाजीचा मळा आला. रानडुकरं तर टपलेलीच होती. दीर वामनराव म्हणाले, "वहिनी, बाईमाणसानं का बंदूक घेऊन फिरावं? जमा करून टाका, अन् मळा मले वाहाले द्या."

काकू म्हणाल्या, "डुकराले समजते का, बंदूक बाईच्या हाती हाय का माणसाच्या?"

परवाना काकूंच्या नावावर झाला खरा, पण ठाणेदारानं बजावलं, शेतात बंदूक अंगावेगळी करायची नाही. धुऱ्यावर ठेवलेली दिसली तर जप्त करीन. मग वांगी तोडायची कोणत्या हातांनी? खांद्याला पट्टा हवाच होता, आणि त्या जुन्या रायफलीला पट्टा अडकवायला कडीच नव्हती. नागपूरचा कारागीर म्हणाला, दस्त्याला, म्हणजे मागच्या लाकडाला, भोक पाडून कडी बसवतो. दस्त्यात केसासारखी एक चीर होती, भोक पाडलं तर तो फाटलाच असता. काकूंनी बंदूक उचलून घरी आणली. "वेसण बैलाले घालतेत. गाईले घालते का कोणी? गाईले गळ्यात दावं."

बैलजोडी विकल्यापासून पोळ्याच्या घुंगरांचा चामडी पट्टा खुंटीवर पडून होता. काकूंनी घुंगरं काढली. दस्त्याच्या बारीक मानेभोवती एक आणि पुढे नळीभोवती, लाकडासकट, दुसरं, अशी चामड्याची दोन बांधणं घालून त्यांत पट्टा ओवला. दुसऱ्याच दिवशी पुढचं बांधण घसरलं आणि बंदुकीची नळी जमिनीवर आपटली. वामनराव धुऱ्यावरून खो खो हसले. काकू तिथंच मातीत बसून बांधण पाहत राहिल्या.

"सुकं चामडं बांधलं म्या," त्या म्हणाल्या. "वखराले काय सुकं बांधतो आपण?"

मग चामडं दिवसभर भिजवलं. नळी गंजू नये म्हणून खाली मेणकापड गुंडाळलं आणि दातांनी ओढून ओढून वाद्या आवळल्या. वाळल्यावर त्या अशा बसल्या की नख शिरेना. पट्टा निंबाच्या फांदीवर टाकून काकूंनी मला हुकूम सोडला, "बाबू, लटक." पोटभर जेवून आलेला मी रायफलीला धरून लोंबकळलो. फांदी वाकली, बांधण तसूभर हललं नाही.

गोळ्या मात्र नेहमी कंबरेच्या बटव्यात. "खांद्यावर असली का तिचं पोट रिकामं पाह्यजे," असं त्या म्हणत. बहुतेक वेळा बार हवेतच निघे. मळा टिकला. पुढेपुढे तर वामनरावच विनवू लागले, "वहिनी, माह्या चण्यात एक चक्कर मारा न!"

दोन हजार सालानंतर कधीतरी, एका संध्याकाळी माझं वासरू सुटून काकूंच्या तुरीत शिरलं. मी वाकून शोधत होतो. तुरीच्या फुलोऱ्यानं खोकल्याची उबळ आली म्हणून उभा राहिलो, तर समोर काकू. बंदूक खांद्याला टेकवलेली, नळी माझ्या छातीवर रोखलेली.

नळी हळूहळू खाली आली. काकूंनी गोळी काढून बटव्यात टाकली. मला डुक्कर समजल्या होत्या.

"काकू, कुठं काय झालं?" मी म्हणालो.

"तू खोकलला म्हून वाचला बाबू. माह्या शहाणपणानं नाई."

सकाळी त्या बंदूक घेऊन ठाण्यात निघाल्या. मी म्हटलं, डोळे तपासू, चष्मा बदलू. वामनरावही आडवे आले, "काऊन जमा करून राह्यल्या वहिनी? मळा जाईन न!"

"चष्म्यानं डोळे सुधरतीन. पण पाह्याच्या आधीच नेम धरला म्या, मले आता माह्या हाताचा भरोसा नाई."

ठाण्यात हवालदार पट्टा सोडू लागला. गाठ सुटेना, तेव्हा त्यानं चाकू काढला.

"राहू दे बापा," काकू म्हणाल्या. "पुढं ही बंदूक ज्याच्या खांद्यावर जाईन, त्याचे हात मोकळे राहतीन."

जिच्यासाठी त्या दिराशी भांडल्या, ती बंदूक कोणी न मागता देऊन आल्या होत्या. मळ्यात पोचताच त्यांनी तेलाचा रिकामा डबा आणि काठी उचलली आणि डुकरं हाकलायला धुऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. तिथंच, मातीत, पडलोही.