नेवाशाची कोळशावरची मोटार

लढाईच्या मधल्या वर्षांत पेट्रोल कुपनावर मिळू लागलं आणि पुढे तेही पुरेनासं झालं, तेव्हा नगरहून सुटणाऱ्या मोटारींच्या पाठीला एकेक लोखंडी पिंप आलं. पिंपात बाभळीचा कोळसा भरायचा, खालून पेटवायचा आणि हाताने पंखा फिरवून तो फुलवायचा. कोळसा कोंडून अर्धवट जळला की त्यातून एक गॅस निघे. तो नळीतून आणि घायपाताचा वाख भरलेल्या गाळणीतून पुढे इंजिनात जाई आणि पेट्रोलऐवजी जळे. या सगळ्या सरंजामाला प्लँट म्हणत. लोक म्हणत, मोटारीला शेगडी बांधली. लग्नाला निघालेल्या बायका उतरताना एकमेकींच्या कपाळावरची काजळी पुसत.

माझे यजमान नगरहून नेवाशाला आणि आणखी काही गावांना मोटारी सोडणाऱ्या एका मालकाकडे मिस्त्री होते. प्लँट तपासायचे, बिघाड शोधायचा आणि दुरुस्त करायचा, हे त्यांचं काम. मी मुलींच्या शाळेत शिकवत असे. ते गेले त्याला आता दुसरा पावसाळा आला. त्यांच्याविषयी लिहायला बसलं की आधी ते पिंपच समोर येतं.

कोळशाच्या मोटारीचे आजार तसे थोडे होते. कोळसा ओला असला की पिंपातून नुसती वाफ येई. कोळशात माती असली की ती वितळून खाली जाळीवर खंगर धरे आणि हवेची वाट बंद होई. हे दोन्ही डोळ्यांना दिसत. तिसरा आजार अवघड होता. इंजिन चालू असताना ते गॅस ओढून घेत असतं. नळीच्या सांध्याला कुठे बारीक फट पडली, तर गॅस बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. गॅस पातळ होतो, मोटारीची ताकद जाते आणि बाहेरून काहीच कळत नाही. वास नाही, धूर नाही, आवाजही नाही.

ह्यांनी त्यावर आपली रीत काढली होती. इंजिन चालू ठेवायचं आणि पेटलेली उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून हळूहळू न्यायची. धूर सरळ वर जात असेल तर सांधा धड. धुराची रेघ वाकून सांध्यात शिरली की फट तिथेच. मग सांधा उघडायचा, जवसाच्या तेलात शेंदूर कालवून त्याचा लेप द्यायचा आणि पुन्हा आवळायचा.

आमचं घर ख्रिस्ती. सासूबाई नेवाशाकडच्या खेड्यातल्या, रविवारची उपासना कधी न चुकवणाऱ्या. मुलाच्या पिशवीत उदबत्तीचा पुडा आणि शेंदराची पुडी सापडली, तेव्हा त्या दोन्ही वस्तू हातात घेऊन स्वयंपाकघरात आल्या.

"हे काय हाय रं?"

"कामाचं आहे, आई. मोटारीला लागतं."

"मोटारीला शेंदूर? आन् उदबत्ती? मंग नारळ कधी फोडायचा?"

"ज्या दिवशी घाट न थांबता चढेल त्या दिवशी."

"पाद्रीसाहेब आले तर म्या काय सांगू? लेक मोटारीचा भगत झाला म्हणून?"

त्यावर हे इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. पुढे सासूबाईच बाजारातून उदबत्ती आणू लागल्या. दुकानदाराला त्या सांगत, आमच्यासाठी न्हाई, इंजनासाठी.

डोकेदुखी कधी सुरू झाली ते सांगता येत नाही. संध्याकाळी घरी आले की ते पायरीवर बसून राहत आणि दोन्ही हातांनी कपाळ दाबत. कधी ओकारी येई. आम्ही ते उन्हावर घातलं, चहावर घातलं, उपाशीपोटी काम करण्यावर घातलं. सासूबाई कांदा फोडून नाकाशी धरत. मोटारतळावरच्या सगळ्याच मिस्त्र्यांना आणि ड्रायव्हरांना तसं होई, त्यामुळे ते त्या धंद्याचाच भाग वाटू लागलं. शेवटी मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, की हा कोळशाचा वायू आहे, रक्तात हवेची जागा तो बळकावतो, औषध असं काही नाही, उघड्यावर काम करा आणि जमलं तर हे काम सोडा.

"सोडून काय करू?" बाहेर आल्यावर हे मला म्हणाले. "आणि किती दिवसांचं आहे? लढाई संपली की पेट्रोल सुटेल. पेट्रोल सुटलं की ही पिंपं भंगारात."

हे वाक्य आमच्या घरात मग सगळेच बोलू लागले. सासूबाई पेट्रोलसाठी प्रार्थना करत. डोळे मिटून, पदर डोक्यावर घेऊन त्या आजारी माणसांची नावं घेत आणि शेवटी म्हणत, आन् पेट्रोल लवकर सुटू दे, बापा. मला आधी हसू येई. पुढे येईनासं झालं.

लढाई संपली. शाळेत मुलींना बत्तासे वाटले. पण कुपनं राहिली, पिंपंही राहिली. पेट्रोल सुटेल, याच महिन्यात सुटेल, असं मालक दर महिन्याला सांगत.

त्या हिवाळ्यात नेवाशाच्या मोटारीने फार छळलं. इमामपूरच्या घाटात ती निम्म्यावर येऊन दम टाके. उतारू खाली उतरत, पुरुष मागून लोटत, बायका पोरांना काखेत मारून चालत वर जात. तिचे ड्रायव्हर वयाने मोठे होते, घरी येत-जात असत. ते ह्यांच्यासमोर ओट्यावर बसून मोटारीचा आवाज तोंडाने काढून दाखवत.

"घाटाच्या पायथ्याला अशी," असं म्हणून ते घुमल्यासारखा आवाज काढत. "आन् वळनावर अशी. दम्याच्या म्हाताऱ्यावानी."

"खोकते का?"

"खोकत न्हाई, मिस्त्री. नुसती खाली बसती. तुमच्या आईला नेलं नेवाशाला तवा त्या बी उतरून चालल्या, म्हनल्या, परत ह्या चुलीत बसनार न्हाई."

"खोकत नाही म्हणजे खंगर नाही. फट आहे. पण बारीक आहे."

प्लँट तपासणारे सरकारी साहेब येणार होते. मोटार नापास झाली तर ती तळावरच उभी राहणार होती, आणि नेवाशाच्या रस्त्याला तिच्याशिवाय दुसरी मोटार नव्हती. ह्यांनी दोनदा उघड्यावर उदबत्ती फिरवून पाहिली. पण नगरचा हिवाळी वारा माळावरून सरळ येतो. धूर एका जागी ठरेना. कुठल्याही सांध्याजवळ तो वाकडाच दिसे. इतकी बारीक फट शोधायची तर हवा निश्चल हवी.

म्हणून त्यांनी मोटार पत्र्याच्या शेडमध्ये घेतली आणि दारं लावली. फटींवर गोणपाटं सोडली. ह्यांची रीत एव्हाना सगळ्या मिस्त्र्यांनी उचलली होती. वारा असला की दार लावूनच उदबत्ती फिरवायची, ही तळावरची पद्धतच होती. गॅस बाहेर येत नाही, आत जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि इंजिन चालू असेतोवर ते खरंही होतं. इंजिन बंद केलं की ओढ थांबते, पिंपातला कोळसा मात्र धुमसत राहतो, आणि मग तोच गॅस त्याच फटीतून बाहेर येतो. ह्यांनी गाळणी इतकी चांगली भरली होती की त्याला वासही उरला नव्हता. फट त्यांना सापडली असावी, कारण सांधा उघडलेला होता. शेंदराची वाटी कालवून शेजारी ठेवलेली होती.

मी वर्गावर होते. भूगोलाचा तास होता. ड्रायव्हर दारात येऊन उभे राहिले, डोक्याचं मुंडासं हातात घेऊन. वर्गात पुरुषमाणूस आलेलं पाहून मुली खुसखुसल्या.

"बाई, चला जरा," ते म्हणाले. "मिस्त्रीला बाहेर काढलंय. श्वास हाय."

दवाखान्यात मी त्यांना पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसेना. गाल लालसर, ओठ लाल, चेहऱ्यावर टवटवी. पुष्कळ महिन्यांनी त्यांना इतकं निरोगी पाहत होते. सासूबाईंनी पायाला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "रंग बघ कसा आलाय. काय सुदिक झालं न्हाई माझ्या लेकाला." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हा रंग चांगला नाही, तो त्या गॅसचाच रंग आहे.

पण ते शुद्धीवर आले. पहिलं विचारलं ते मोटारीचं. मोटार पास झाली होती. दुसऱ्या मिस्त्रीने त्यांनी उघडलेला सांधा बंद केला आणि घाटात ती एकदाही थांबली नाही. ड्रायव्हर ते सांगायला आले, तेव्हा हे उशीवर मान टाकून हसले आणि मला म्हणाले, "आता आईला नारळ आणायला सांग."

घरी आल्यावर ते बरे होते. जेवत होते, वर्तमानपत्र वाचून दाखवत होते, सासूबाईंची चेष्टा करत होते. मालकांनी निरोप पाठवला की शेडच्या दारांच्या फळ्या काढून टाकल्या आहेत. ते पुन्हा कामावर जाऊ लागले. त्या थोड्या आठवड्यांत मी जे जे मनात ठरवलं, ते इथे लिहीत नाही.

मग एकदा ते तळावर गेले आणि दुपारी तिथल्या एका माणसाने त्यांना हाताला धरून परत आणलं. ते फाटकाशी उभे होते, आत का जायचं ते त्यांना आठवत नव्हतं. पुढे सदऱ्याच्या गुंड्या लावताना मधेच हात थांबू लागला. चालताना पावलं आखूड पडू लागली, जमिनीला घासत. चेहऱ्यावरचं हसू गेलं, रागही गेला. डॉक्टर म्हणाले, की असं कधीकधी होतं. माणूस बरा झाल्यासारखा वाटतो आणि महिन्याभराने मेंदू खाली बसतो. त्यांनी हाच शब्द वापरला. परत वर येतो का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "थोडे येतात." थोडे म्हणजे किती, ते मी विचारलं नाही.

ड्रायव्हर रविवारी येत. उपासनेहून आम्ही परतलो की ते ओट्यावर ह्यांच्यासमोर बसत आणि तोंडाने मोटारीचे आवाज काढत.

"ही कुठली, मिस्त्री? ओळखा. जाळीवर खंगर, का कोळसा ओला?"

हे ऐकत. मान किंचित तिरपी करून, पूर्वी ऐकत तसंच. आता काही बोलतील असं वाटे. मग म्हणत, "बघू."

"बरं, ही बघा." ड्रायव्हर दुसरा आवाज काढत. मुद्दाम सोपा, कोणालाही ओळखता येईल असा.

"बघू," हे म्हणत.

एकदा पायरी उतरताना ड्रायव्हर मला म्हणाले, "बाई, मी लई वंगाळ आवाज काढतो. गाडीसारखा येत न्हाई तो." मी म्हटलं, तसं नाही. ते म्हणाले, "तसंच आसंल."

आणि मग पेट्रोल सुटलं. एकदम नाही. पण मालकाला पुरेल इतकं मिळू लागलं. तळावर एकेका मोटारीच्या पाठीवरचं पिंप उतरवलं गेलं. कोणी ती पाणी तापवायला नेली, बाकीची कुंपणाशी पडून गंजली. आमच्या घरात ती बातमी मी सांगितली. सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि तिथेच गुडघे टेकून प्रार्थना केली. उठल्यावर त्या ह्यांच्याजवळ गेल्या आणि मोठ्याने, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं म्हणाल्या, "बाळा, सुटलं. पेट्रोल सुटलं."

ह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. नंतर माझ्याकडे पाहिलं, कोणी आलं आहे का, अशा नजरेने.

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही त्यांना सासूबाईंच्या गावी न्यायचं ठरवलं. ड्रायव्हरने त्यांना आपल्याशेजारी पुढे बसवलं. घाट आला. मोटार न थांबता, न धापता चढली. आतल्या माणसांना त्याचं काही नव्हतं, ती बाजारभावाच्या, पाण्याच्या गोष्टी बोलत होती. वर पोचल्यावर ड्रायव्हर इतकंच म्हणाले, "मिस्त्री, चढली बरं." हे खिडकीतून बाहेर पाहत होते. बाहेर माळ होता आणि त्यावर वाळलेलं गवत. मी मागच्या बाकावर होते. मला त्यांची मान दिसत होती. ती वळली नाही.

गावात पहिले काही दिवस बायका येऊन बघून गेल्या. सासूबाई प्रत्येकीला सांगत, की आता हवा चांगली मिळंल, पेट्रोल बी सुटलंय, बरा व्हईल. नंतर कोणी येईनासं झालं. शाळा उघडायला आली तशी मी निघायची तयारी करू लागले. पगाराशिवाय आमचं चालणार नव्हतं. निघण्याच्या आदल्या दिवशी सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. हे बाहेर लिंबाखाली बाजेवर होते.

"तू शिकलेली हायेस," त्या म्हणाल्या. "मला खरं सांग. पेट्रोल सुटलं. पिंपं गेली. मंग ह्यो का उठत न्हाई?"

इतकी वर्षं या प्रश्नाला आमच्याकडे एक उत्तर होतं. मी म्हटलं, "तो गॅस काम करून गेलाय, आई. आता नाही उठायचे ते."

त्यांनी जाळ मागे ओढला. बराच वेळ हाताने राख सारखी करत राहिल्या.

"मंग हितंच ऱ्हाऊ दे त्याला," त्या म्हणाल्या. "तू सुटीत येत जा. म्या हाय तवर करीन."

मी सुटीत जात राहिले. दर वेळी ते लिंबाखाली असत, थोडे अधिक वाकलेले. शेवटच्या पावसाळ्यात छातीत कफ झाला आणि ते त्या दुखण्यातून उठले नाहीत. मी पोचले तेव्हा माती होऊन गेली होती. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला पाणी दिलं आणि सांगितलं, की शेवटी तो काही बोलला नाही.