डाव्या कानाचा सर्व्हे

पार्सल आलं तेव्हा भगवानकाका जेवायला बसला होता. तांदळाची अर्धी भाकरी आणि जवळ्याची चटणी तशीच टाकून तो उठला. हात धुतले, दोनदा पुसले, आणि कुरिअरवाल्याच्या कागदावर सही केली.

"काय वो, नवरी आली का काय दारात?" रोहिणीकाकी म्हणाली.

"नवरीच समज," काका म्हणाला. "सात दिवसांची."

खोक्यात वायरचे इअरफोन होते. गायक-वादक स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकायला कानात घट्ट बसवतात तसले. 'टिटवी' नावाचा नवाच ब्रँड होता, बेळगावच्या दोन भावांनी काढलेला. माल बाजारात आणण्याआधी त्यांनी एक जोड दौऱ्यावर पाठवली होती. इंटरनेटवर अशा हौशी लोकांचा एक अड्डा होता. त्यातले पाच जण निवडलेले. प्रत्येकानं सात दिवस ऐकायचं, खरं मत लिहायचं आणि जोड पुढच्याला धाडायची. पाचांमध्ये एक डॉक्टर, दोन इंजिनिअर, एक गिटार शिकवणारे, आणि चौथ्या नंबरावर पनवेलचा भगवान कडू, कंटेनर सर्व्हेअर.

ही २०१७ सालची गोष्ट. काका तेव्हा जासईजवळच्या एका यार्डात कामाला होता. जहाजावरून उतरलेला रिकामा कंटेनर पुन्हा माल भरण्याजोगा आहे का, हे ठरवायचं त्याचं काम. हातात लहानशी हातोडी. चारी बाजूंनी फिरत पत्र्यावर ठोकायचं आणि ऐकायचं. चांगला पत्रा एक बोलतो, आतून गंजलेला दुसरं. मग आत शिरायचं आणि बाहेरून दार बंद करायला सांगायचं. त्या काळोखात उभं राहिलं की भोक आपोआप दिसतं, कारण तिथून उजेड येतो. वीस वर्षं त्यानं हेच केलं होतं आणि इअरफोन तो याच पद्धतीनं तपासायचा. तो आगरीत बोलायचा, मी इंग्रजीत टाइप करायची. मी तेव्हा मराठीत एम.ए. करत होते, माझ्या वाट्याला आलेलं सगळ्यात अवघड भाषांतर तेच. लोक लिहीत, 'स्वर मधासारखे'. काका लिहायला सांगे, 'दाराचं रबर सैल, बाहेरचा आवाज आत येतो.' त्या अड्ड्यावर त्याच्या या भाषेचे चाहते होते.

सोमवारी दुपारी त्यानं बाहेरून तपासणी केली. मी लिहून घेतलं. वायर ठीक. पिन ठीक. डावा : नखरंगाचा लाल ठिपका, नुकसान नाही. डावा-उजवा ओळखायची अक्षरं फारच बारीक होती, म्हणून आधीच्या कुणीतरी खूण केली असणार. यार्डात रंगाच्या डागाला नुकसान धरत नाहीत. धरलं तर एकही कंटेनर पास व्हायचा नाही.

मग त्यानं ते कानात घातले आणि डोळे मिटले. पहिली कसोटी नेहमीची होती, गावच्या बेंजो पार्टीचं हळदीतलं रेकॉर्डिंग. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. आधी भुवया उचलल्या, ओठ हलले, बोटं मांडीवर नाचायला लागली. मग बोटं थांबली. त्यानं डावा इअरफोन काढला, पुसला, परत बसवला. रबर बदलून पाहिलं. पुन्हा बदललं.

"काय झालं?"

"ढोल उजवीकडं सरकलाय," तो म्हणाला. "कपाळाच्या मधी वाजाला पायजे." आणि जोड डबीत ठेवून दिली. "रिपोट उद्या लिवू."

मंगळवारीही उद्या झालं. बुधवारी मी लॅपटॉप उघडून बसले, तर त्यानं मलाच दुकानात पिटाळलं, चहापूड आणायला. डबा चहापुडीनं भरलेला होता.

टीव्हीशेजारी यार्डाचं पत्र पडलं होतं. शनिवारी सगळ्या सर्व्हेअरची कानाची तपासणी. ज्याचा कान उतरला त्याला हातोडी खाली ठेवून गेटवर बसायचं, गाड्यांचे नंबर लिहायला. असाच कान उतरलेला रामजी म्हात्रे गेल्या वर्षीपासून तिथे बसतो आणि दिवसभर जांभया देतो, असं काका सांगायचा. आणि दिवाळीपासून काकीचं एकच पालुपद चाललं होतं, "डाव्या बाजूनं हाक मारली का यांना आयकूच येत नाय."

तेव्हा मला कळलं की तो काय टाळतोय. मला इअरफोनमधलं फार कळत नाही, पण एक गोष्ट काकानंच शिकवली होती. एका बाजूचा आवाज कमी वाटला तर अदलाबदल करायची, डावा उजव्या कानात आणि उजवा डाव्यात. आवाजाचा दोष बाजू बदलून गेला तर वस्तू खराब. दोष तिथेच राहिला तर कान खराब. दहा सेकंदांचं काम. दुसऱ्याच्या पोलादातलं भोक शोधणारा माणूस तीन दिवस या दहा सेकंदांच्या आसपासही फिरकला नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी मी त्याला उरण नाक्यावर ओवेसच्या दुकानात नेलं. नेलं म्हणजे, स्कूटरवर मागे बसले आणि म्हटलं, चल. ओवेस मोबाइल विकतो, दुरुस्तही करतो. काकाला हा नाद त्याच्याच दुकानातून लागला. पहिला साधा इअरफोन काकानं चार वेळा बदलून नेला होता. चौथ्या वेळी ओवेसनं गिऱ्हाइकाऐवजी दोस्त म्हणून चहा मागवला.

"या भगवानशेठ! टिटवी आणली? बघू तर." ओवेसनं एकदा ऐकलं आणि मान डोलावली. "माशाल्ला. पण ढोल जरा…"

"जरा काय?" काका एकदम पुढे झुकला.

"तू सांग. एक्स्पर्ट तू. मी तर बाबा कव्हर विकणारा."

"नीट सांग ना रे!"

"नाही सांगत. तू अदलाबदल केलीस?"

काका काउंटरवरच्या कव्हरांचा गठ्ठा सारखा करू लागला.

"केली नाहीस! खुदा के वास्ते, भगवान! मी ब्रशनं पुसून दिलेला माल तू तीन-तीनदा उलटापालटा करतोस. आणि हे चार दिवस तसंच?"

"शनिवारी कानाची तपासनी हाय," काका हळूच म्हणाला.

ओवेसनं दुकानातला रेडिओ बंद केला, दारातल्या गिऱ्हाइकाला "पाच मिनिटांनी या" म्हणून परत पाठवलं आणि काचेचं दार ओढून घेतलं. "घे. काय असेल ते आपल्या तिघांत राहील."

काकानं डावा नग उजव्या कानात घातला, उजवा डाव्यात. वायर गळ्याखाली उलटी झाली. मी बेंजोचं रेकॉर्डिंग लावलं. माझ्याच छातीत इतकं धडधडत होतं की मला वाटलं, ढोल बाहेरच वाजतोय.

एक सेकंद. दोन. काकाचे डोळे मिटलेलेच.

मग त्याचा हात हळूहळू वर आला आणि त्यानं बोट ठेवलं डाव्या कानशिलावर.

"इकडं," तो म्हणाला. "ढोल इकडं आला! डावीकडं! गो बाय, इकडं वाजतोय!" तो इतक्या मोठ्यानं ओरडला की समोरचा रसवाला वाकून बघू लागला. ओवेसनं टेबलावर थाप मारली. काकानं माझे दोन्ही खांदे धरले आणि हसतच सुटला.

मग त्याच्यातला सर्व्हेअर जागा झाला. "बॅटरी दे. भिंग दे."

ओवेसच्या दुरुस्तीच्या भिंगाखाली दोन्ही नग शेजारी ठेवले. उजव्याच्या पाठीवर सुईच्या टोकाएवढं भोक होतं, हवा खेळायला; ते बुजलं की ढोल दबतो. डाव्याच्या पाठीवर त्याच जागी लाल नखरंगाचा ठिपका.

काका बराच वेळ भिंगातून बघत राहिला. "भोकावर रंग लावून कंटेनर पास करून घेनारे किती धरले मी," तो म्हणाला. "आन हा मीच लिवला, नुकसान नाय."

ओवेसनं सुई उचलली. काकानं त्याचा हात धरला. "थांब. सर्व्हेवाला दुरुस्ती करत नाय. मालकाला इचार."

खोक्यावरच्या नंबराला फोन लावला. बेळगावच्या थोरल्या भावाचं नाव प्रभाकर. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि जवळजवळ किंचाळला. "अहो साहेब, दुसऱ्या आणि तिसऱ्या दोघांनी लिवलंय, ढोल नाजूक आहे! आम्ही दोघं भाऊ आठवडाभर जेवलो नाही ओ! काढा, काढा तो रंग!"

ओवेसनं श्वास रोखून रंगाचा पापुद्रा उचलला. काकानं जोड कानात घातली, या वेळी सरळ. आणि मी पहिल्यांदा टिटवी ऐकणारा माणूस पाहिला. त्यानं एक हात हवेत धरला, कुणी मध्ये बोलू नये म्हणून. बोटं पुन्हा नाचायला लागली होती. बराच वेळ गेल्यावर त्यानं बोट कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध टेकवलं.

घरी पोहोचेपर्यंत तो स्कूटरवर गात होता. काकीला दारातच सांगितलं, कान चांगला हाय, एकदम चांगला.

काकीनं कमरेवर हात ठेवले. "मंजे दिवालीपासून आयकू येत व्हतं?"

काका माझ्याकडे बघू लागला. मी लॅपटॉप उघडला.

रिपोर्ट लिहायला शुक्रवारची पूर्ण संध्याकाळ लागली. ढोलाबद्दल मी 'मखमली' असा शब्द टाकला होता. "मखमल कुठं दिसली तुला? ढोल हाय, ढोल लिव." मी ढोल लिहिलं. गाणाऱ्या बाईचा आवाज पुढे येतो, बेंजोची तार मोठ्यानं वाजली की किंचित टोचते, वायर घासली की खरखरते, हे सगळं त्यानं सांगितलं, आणि नखरंगाची गोष्ट स्वतःच्या चुकीसकट. सगळ्यात शेवटी : माल भरण्याजोगा.

शनिवारी सकाळी तपासणीच्या दवाखान्यात काका सगळ्यांच्या आधी पोहोचला. मी बाहेर बाकावर बसले होते. आत एका लहान खोलीत त्याच्या डोक्यावर जाड हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि दार लागलं. वीस मिनिटांनी तो बाहेर आला, मागोमाग तपासणारी मुलगी.

"दोन्ही कान नॉर्मल आहेत," ती मला म्हणाली. चेहरा गोंधळलेला. "वयाच्या मानानं फारच चांगले. पण हे काय म्हणतायत ते…"

"तुमच्या हेडफोनची उजवी गादी खालून फाटलेली हाय," काका तिला समजावत होता. "आवाज गलतोय. नायतर उजवा अजून चांगला आला असता. कागद द्या, लिवून देतो."