आईच्या मांडीवरची मांजर

आईचा हात टम्म सुजला होता, पण फोनवर ती हाताबद्दल चकार शब्द बोलली नाही. एवढंच म्हणाली, “तिला म्या काय केलं गं?”

ती म्हणजे मांजर. संध्याकाळी आईच्या मांडीवर घुरघुरत बसलेली असताना ती एकाएकी गुरगुरली, आईच्या पंजात दात रोवले, मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडलं आणि कॉटखाली जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी जणू काही झालंच नाही अशी येऊन आईच्या पायाला अंग घासायला लागली. आईनं लगेच माफ केलं. त्याच संध्याकाळी परत तेच.

मी सांगलीत राहते, कुपवाडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. आई कोरेगावजवळच्या आमच्या गावी, थोरल्या भावाकडे. आमचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, फौजेतून पेन्शनवर आले आणि त्यांनी शेतातच स्लॅबचं घर बांधलं. ते गेल्यावर आईचं बोलणं फार कमी झालं होतं. मग पाठीमागच्या रानात ऊस लावला त्या पावसाळ्यात तिला विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीजवळ एक ओलंचिंब पिल्लू सापडलं आणि ती परत बोलायला लागली. माणसांशी नाही, मांजरीशी. “ये बाई, बस बाई, आज काय खाल्लंस बाई?” भाऊ चेष्टेनं म्हणायचा की आईला आमच्यापेक्षा ही लेक जास्त लाडकी. मला त्यात थोडं तथ्य वाटायचं आणि थोडा रागही यायचा. तरीही पिल्लं नकोत म्हणून तिला साताऱ्याला नेऊन ऑपरेशन करून आणलं ते मीच.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं मी गावी पोचले. सरकारी दवाखान्यात आईची इंजेक्शनं सुरू झाली होती. “मांजरीवर लक्ष ठेवा, कुठं सोडू नका,” असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. घरात मात्र ज्याच्या त्याच्या डोक्यात वेगळंच निदान. शेजारच्या काकू म्हणाल्या, दृष्ट लागली. मग मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या गेल्या. त्या ठसक्यानं मांजर आणि आई दोघीही बराच वेळ शिंकत होत्या. वहिनीचा संशय आईच्या गुडघ्याला लावायच्या नव्या मलमावर होता. मी ते मलम हातावर चोळून मांजरीसमोर धरलं. तिनं नाक मुरडलं, फिस्स करत मागं सरली आणि शेपूट उडवत निघून गेली. पण चावली नाही. मग मलम नाही तर काय? मला काही म्हणजे काही कळेना.

भावाचं मात्र ठरलं होतं. “पिसाळलीया ती. पोत्यात घालतो आन नदीपल्याड सोडून येतो.”

आमच्याकडे मांजर सोडायची ही रीतच आहे. मांजर वाट विसरत नाही, म्हणून तिला पोत्यात घालायची, पोतं दोन-चारदा गरगर फिरवायचं आणि पाणी ओलांडून सोडायची. पाण्यापलीकडून ती परत येत नाही म्हणतात. तिचं पुढं काय होतं ते बघायला मात्र कुणी जात नाही.

“डॉक्टर काय म्हणाले? लक्ष ठेवा म्हणाले ना? सोडून दिल्यावर कशावर लक्ष ठेवणार, पोत्यावर?” मी ओरडले. माझा आवाज चढायला काही लागत नाही.

मला वाटलं, आई माझी बाजू घेईल. ती खाली बघून म्हणाली, “सोडू दे त्याला. तिला मी नकू झालीया.”

एवढंसं जनावर आणि त्याच्या चावण्यानं आई अशी मोडून बसली होती. मी वहिनीकडून भाजीची झाकणाची करंडी मागून घेतली, मांजरीला आत कोंबलं आणि दुपारच्या गाडीनं सांगलीला घेऊन आले. म्हणजे नदीपल्याडच. सगळ्या वाटेभर ती ओरडत होती आणि डब्यातले लोक माझ्याकडे मी कुणाचं तरी पोर पळवून चालल्यासारखे बघत होते.

फ्लॅटमध्ये मी पहिले काही दिवस हाताला जाड पिशवी गुंडाळून वावरले. काही गरज नव्हती. बाईसाहेब माझ्या उशाशी झोपत होत्या, डबा भरताना पायात लुडबुडत होत्या, पोट वर करून लोळत होत्या. सांगलीतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिचे दात पाहिले, कान पाहिले, हाडं चाचपली. ठणठणीत. “घरात काही बदल झाला होता का? नवीन माणूस, नवीन जनावर, सामानाची हलवाहलव?” मी आठवून आठवून सांगितलं, काहीसुद्धा नाही. आमच्या गावच्या घरात कसला बदल होतोय? पंचांगसुद्धा त्याच खिळ्याला लागतं.

पिसाळण्याची भीती गेली म्हणून मी आनंदानं आईला फोन केला. “अगं, एकदम गुणी आहे. मला नखसुद्धा लावलं नाही.”



“तुज्याकडं गुणाची हाय व्हय,” आई म्हणाली. “म्हंजे माजंच कायतरी चुकलं.”

आपण काय बोलून बसलो हे मला तेव्हा कळलं. दोन दिवसांनी मी सारवासारव करायला गेले. “आई, मलापण ओरबाडलं गं काल.” तिनं ताबडतोब विचारलं, “कुटं?” मी म्हटलं हातावर. ती म्हणाली, “व्हिडिओवर दाव.” आता काय दाखवणार, कपाळ? मी विषय बदलला आणि ती काय समजायचं ते समजली. वहिनी सांगायची, आई हल्ली संध्याकाळी मांडीवर हात ठेवून नुसती बसून असते. चहासुद्धा थंड होतो.

पुढच्या सुट्टीला मी गेले, ती आईला कसं समजवायचं याचा काहीच पत्ता नसताना. मांजरीला शेजारणीकडे ठेवलं होतं. दिवेलागणीला आई पाणी तापवायला उठली आणि मी तिच्या जागेवर बसले. मागच्या खिडकीला टेकलेली कॉट. आमच्या भागात बिबट्याची बोलवा उठल्यापासून दिवे लागले की दारं बंद होतात, खिडक्यांना जाळी आहेच. मी सहज बाहेर बघितलं आणि मला पार लांबच्या ओढ्यापर्यंतचं दिसलं.

दिसणारच. ऊस तुटला होता. मागच्याच महिन्यात ऊसतोडीची टोळी येऊन गेली होती. घराला खेटून उभा असलेला दीड वर्षाचा ऊस गेला होता आणि उरलं होतं वाळलं पाचट पसरलेलं वावर. मी डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं होतं, काही बदल नाही! भावालाही कधी सुचलं नाही, आईलाही नाही. ऊस लागतो, ऊस तुटतो. आमच्यात त्याला कुणी बदल म्हणत नाही. पण ती मांजर आली तेव्हा तो ऊस नुकता लावलेला होता. दोघं बरोबरच वाढले. डोळ्यांनी नीट बघायला लागल्यापासून तिला त्या खिडकीत एक हिरवी भिंतच माहीत होती.

मी तशीच बसून राहिले. अंधार पडता पडता पाचटातून एक बोका आला. मोठ्या डोक्याचा, एक कान फाटलेला. तो सरळ खिडकीखालच्या कट्ट्यावर चढला, जाळीला नाक लावलं आणि माझ्याकडे रोखून बघत घशातून असा काही आवाज काढला की माझ्याच अंगावर काटा आला. मग कोपऱ्यात मुतून सावकाश निघून गेला. उसात राहत असणार. घर गेलं, आता आमच्या दारात आला होता.

“आई, लवकर ये!”

तिनं बोका बघितला. मी तिला एका दमात सांगितलं. हा रोज येऊन तिला दम देत असणार. तिला जाळीतून त्याच्यावर जाता येत नव्हतं. अंगात राग मावत नव्हता आणि त्याच वेळी पाठीवर तुझा हात होता. जो हाताशी सापडला त्याला चावली. तू काही केलं नाहीस. राग तुझ्यावर नव्हताच.

हे सगळं मला तरी पक्कं कुठं माहीत होतं? पण सांगताना मला ते खरं वाटत होतं आणि आईला पटावं अशी माझी जिवापाड इच्छा होती.

आई कॉटवर बसली. जखमेच्या वाळलेल्या खपल्यांवरून बोट फिरवत राहिली. मला वाटलं, आता हसेल.

“तुज्या आबांचंबी आसंच हुतं का गं?”

मी तिच्याजवळ सरकले.

“सुट्टीवर आले की चार दिस लय चांगले ऱ्हायाचे. माज्यासंगं भाजी निवडायचे. आन मग एकाएकी ताट भिरकावायचे. म्या आपली रातभर इचार करायची, मीठ जास्ती पडलं का, मी कायतरी बोलून गेले का. तिकडं कुणी काय बोललं आसंल, काय बघितलं आसंल, मला काय दिसनार? माजा आपला हात जवळ हुता.”

ती ताटं मला आठवत होती. आबांचा राग मीही खूप वर्षं बाळगून होते, आणि आता त्याचं काय करायचं ते मला उमजेना. आई त्यांना माफ करत होती की काय, तेही कळेना. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, “असेल, आई. तसंच असेल.”

आईनं मान हलवली. नाही म्हणून.

“जनावराला बोलता येत न्हाई गं. त्यास्नी येत हुतं.”

बाहेर अंधार झाला होता. तिनं उठून खिडकी लावली, काचेवर आतून एक जुनं लुगडं आडवं बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली. मग माझ्याकडे वळून विचारलं, “कवा आणतीस तिला?”