गाठवायला दिलेली बोरमाळ

लोक पावसाळ्याची बेगमी करतात, मी ब्रेकची करते. महाळुंग्यात आमच्या चाळीत दहा खोल्या, आणि जवळजवळ प्रत्येक खोलीत कुणीतरी कॉन्ट्रॅक्टवर कामाला. सहा-सात महिने काम झालं की कंपनी म्हणते, आता ब्रेक. म्हणजे बसा घरी बिनपगारी. महिना म्हणतात, दोनही होतात, आणि परत बोलावतीलच याची हमी कुणाच्या बापाला देता येत नाही. पहिल्या ब्रेकला आम्ही शेजारणीकडून पीठ उसनं आणलं होतं. ती वाटी परत करताना मला जे वाटलं ना, त्यानंतर मी ठरवलं की पुन्हा नाही म्हणजे नाही!

मग मी नियम केला. काम चालू असलं की दर महिन्याला एक जिन्नस जास्तीचा. या महिन्यात तेलाचा डबा, पुढच्या महिन्यात तूरडाळ, मग ज्वारीचं पोतं. उन्हाळ्यात पापड-कुरडया, वर्षाचं तिखट. नवऱ्याला कंपनीत मिळणारे साबणसुद्धा मी मोजून ट्रंकेत टाकायचे. कॉटखाली पाय ठेवायला जागा नाही. नवरा म्हणायचा, "अगं, आपण खोलीत राहतो का किराणा दुकानात?" मी म्हणायचे, "दुकानात राहता, म्हणून जेवता. उचला तो डबा." दुसरा नियम त्याहून कडक होता. ओव्हरटाइमचा पैसा घरात आलाच नाही असं समजायचं.

या सगळ्यात माती कालवली ती एका एजंटानं. "पन्नास हजार द्या, भाऊ, कंपनीच्या रोलवर घेतो. परमनंट!" मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ज्याच्या बुटाला पॉलिश आणि बोलण्यात साखर, त्याला पैसे देऊ नका. पण परमनंट हा शब्द ऐकून नवऱ्याचा चेहरा असा फुलला की माझीच जीभ लुळी पडली. आणि तेवढ्यात माझ्या नणंदेनं गळ्यातली बोरमाळ काढून माझ्या हातात ठेवली.

नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण, मोशीला दिलेली. सासर जुनं शेतकऱ्यांचं. जमीन गेली, तिथं इमारत उभी राहिली, आता भाडेकरूंच्या भाड्यावर घर चालतं, पण सासूचा दरारा अजून बैलजोडीच्या काळातला. ही बोरमाळ लग्नात त्याच सासूनं स्वतःच्या गळ्यातली काढून सुनेला घातलेली. "वन्सं, खुळ्या झालात का?" मी म्हटलं. तर म्हणते, "वहिनी, सहा महिन्यांचा तर प्रश्न. दादा परमनंट झाला की सोडवा."

चाकणच्या एका पतसंस्थेत बोरमाळ तारण गेली. मण्यांतल्या लाखेचं वजन वजा करून त्यांनी पन्नास हजार दिले, आम्ही ते एजंटाला दिले, आणि पंधरा दिवसांनी नवऱ्याच्या हातात काय आलं? दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरचं कार्ड! काम तेच, गेट तेच, फक्त कार्डाची दोरी निळ्याची हिरवी. एजंटाचा फोन बंद. मी त्या दिवशी त्याला जे जे बोलले ते इथं लिहिता यायचं नाही, पण चाळीतल्या बायका अजून आठवण काढतात.

सासरी नणंदेनं सांगून ठेवलं होतं की बोरमाळेचा दोरा कुजलाय, म्हणून पटवेकऱ्याकडे गाठवायला दिलीय. पटवेकरी म्हणजे दागिने दोऱ्यात ओवून गाठी मारून देणारा माणूस. काम तासाभराचं. आणि आमची बोरमाळ त्याच्याकडे आठ महिने! पंचमीला सासूनं विचारलं, "आली का गं?" ही म्हणाली, "पटवेकरी गावाला गेलाय, आत्या." गौरीला विचारलं, तर पटवेकऱ्याचा हात मोडला. दिवाळीला त्या बिचाऱ्याच्या घरी सुतक. मला फोन करून कुजबुजायची, "वहिनी, आता त्याला मारू का काय करू?" आम्ही दोघी हसायचो, आणि फोन ठेवला की मी पतसंस्थेच्या पावत्या पुन्हा मोजायला घ्यायचे. चोरून माहेरी सोनं दिलं हे कळलं असतं, तर त्या घरात तिला पुन्हा मान वर करता आली नसती. मग तिच्या दिराचं लग्न मार्गशीर्षातलं ठरलं आणि सासूनं सांगून टाकलं, "हळदीला बोरमाळ गळ्यात पायजे. पटवेकरी मेला असंल तर त्याच्या घरी जाऊन मी आणते."

झालं! पैसे पहिल्यापासून थोडेथोडे भरत होतोच, आता मी कंबर कसली. चहा एकवेळ. बसऐवजी पाय. ओव्हरटाइमचा रुपया न् रुपया पतसंस्थेत. नवराही असा राबला की मला कधीकधी त्याला रागवायचं धाडस व्हायचं नाही. पन्नासाचे चाळीस झाले, तीस झाले, आणि प्रत्येक पावती मी नणंदेला फोनवर वाचून दाखवायचे, परीक्षेचा निकाल वाचावा तशी. हळदीला बारा दिवस राहिले तेव्हा व्याज धरून अकरा हजार बाकी होते. पगार झाला की संपलं!

त्या सकाळी सात वाजता ड्यूटीला गेलेला नवरा आठ वाजता दारात. गेटवर कार्ड लागलं नाही. ब्रेक, महिनाभर आधीच. आणि झालेल्या दिवसांचा पगार पुढच्या महिन्यात.

तो उंबऱ्यावर बसला आणि मोबाईल काढून म्हणाला, "हे बघ, दोन मिनिटांत कर्ज देतात. फक्त आधार कार्ड लागतं."

"एक भूत उतरवायला दुसरं अंगात घ्यायचं का?" मी ओरडलेच. "ठेवा तो फोन!"

"मग आणू कुठून अकरा हजार? सांग ना!"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि माझं लक्ष गेलं कॉटखाली. ज्वारीचं पोतं. गव्हाचं पोतं. सील न फोडलेला तेलाचा डबा. तूरडाळ, तांदूळ, साखर, तिखटाच्या बरण्या. माझी सगळी बेगमी! ज्या ब्रेकसाठी जमवली तोच ब्रेक दारात येऊन बसला होता, आणि मला ती विकायची बुद्धी होत होती. नवऱ्याला कळलं. "अगं, आणि खायचं काय?" "ते मी बघते," मी म्हटलं. काय बघणार होते, देव जाणे. पण वन्संचा गळा त्या सासूपुढे मोकळा राहिला असता, तर मला ती भाकरी घशाखाली उतरली नसती.

दुपारपर्यंत दारात बाजार! नवऱ्यानं शेजारच्या मेसमधून काटा आणला. मेसवाल्या मावशींनी ज्वारी आणि तेल एकरकमी उचललं, पण काय घासाघीस केली बाईनं! मी म्हटलं, "मावशी, सील बघा, फोडलेलंसुद्धा नाही." बीड-परभणीची पोरं खोल्यांतून आली, डाळ-तांदूळ किलोकिलोनं घेऊन गेली. बायका तिखटावर तुटून पडल्या. कुरडयांचा डबा मी शेवटपर्यंत धरून ठेवला होता, तोही गेला. एका पोरानं तर साबणही नेले, स्वतःच्याच कंपनीतले! नवरा वजन करत होता, मी पैसे घेत होते, आणि खरं सांगते, मला असा जोर चढला होता की कुणी मागितलं असतं तर मी काटाही विकला असता. राहिले ते दोन-अडीच हजार नवऱ्यानं गोदामात पोती उचलून आणले.

हळदीच्या आदल्या दिवशी पैसे भरले. तिथला माणूस म्हणाला, "दागिना मुख्य शाखेतून येतो. उद्या या." उद्या म्हणजे हळदीचा दिवस! अकरा वाजल्यापासून मी पतसंस्थेच्या बाकावर बसून होते. साडेबाराला पाकीट हातात आलं. बाहेर येऊन, शेजाऱ्याची मोटरसायकल मागून आणली होती, तिच्याजवळ उघडलं. आली! आमची बोरमाळ! मी भर रस्त्यात नवऱ्याचा दंड धरून नाचायचीच बाकी होते.

आणि मग माझं लक्ष दोऱ्याकडे गेलं.

काळाकुट्ट, तेलकट, मधे पिंजलेला. तोच जुना दोरा! आठ महिने गाठवायला दिलेली बोरमाळ आणि एक गाठ नवी नाही! "अहो," मी म्हटलं, "मेलो आपण."

बाजारात पटवेकरी शोधला. लग्नसराई, पुढे सहा बायका. "संध्याकाळी या," तो म्हातारा मान वर न करता म्हणाला. मी म्हटलं, "बाबा, आठ महिने झाले तुमच्या नावावर हिला खपवतेय. तुम्ही गावाला गेलात, तुमचा हात मोडला, तुम्हाला सुतक आलं. आता तुम्हीच वाचवा." आधी त्यानं चष्म्यावरून पाहिलं. मग सगळं ऐकून असा हसला की पुढच्या बायकाही हसायला लागल्या, आणि त्यांनीच मला पुढे ढकललं. अर्ध्या तासात लाल दोऱ्यात मणी ओवून झाले. "आज पाणी लावू नका," तो म्हणाला, "रंग कच्चा आहे." दीडशे रुपये दिले. जवळ पन्नास उरले, तेवढ्याचं पेट्रोल टाकलं.

चाकणचं ट्रॅफिक मी काय सांगू! कंटेनरला कंटेनर चिकटलेले. नवरा फटीफटीतून गाडी काढतोय, मी मागे बोरमाळ पदरात गाठ मारून घट्ट धरलेली, आणि तोंडानं चालूच, "दादा, सरका! हळद आहे आमची!" इंद्रायणीचा पूल ओलांडला तेव्हा मोशीतला बँड ऐकू आला. नणंद मागच्या दारी उभी होती, रडकुंडीला आलेली. मी बोलत बसले नाही, सरळ तिच्या गळ्यात बोरमाळ घातली. ती मला अशी बिलगली की माझा श्वास कोंडला.

मांडवात सासूनं लांबून बघितलं, मान हलवली. सुटलो! मग हळद लागली. आणि हळद म्हटल्यावर पाणी आलंच. दिराच्या मित्रांनी बादलीच उचलली आणि आमच्या वन्सं नखशिखान्त भिजल्या. माझ्या डोळ्यांदेखत तिच्या पिवळ्या गळ्यावरून दोऱ्याचा लाल रंग ओघळायला लागला.

मी धावले, पण म्हातारी माझ्या आधी पोचली. तिनं स्वतःच्या पदरानं सुनेचा गळा पुसला. तांबडा झालेला पदर बघितला. मग दोरा बोटांत धरून गाठ चाचपली.

"आजच गाठलीया की," ती म्हणाली.

मी पुढे झाले आणि म्हटलं, "आत्याबाई, चूक माझी आहे. वन्संना काही बोलू नका."

तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग बँडच्या आवाजात फक्त आम्हालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "ही माज्या येळंला बी गेल्ती गाठायला. तीन वर्सं. सासूला मी बी पटवेकरीच सांगितला व्हता." आणि हळदीचा हात माझ्या गालावर फासून म्हणाली, "तुमी पोरींनी लवकर सोडवली."